पाणी सम होऊ द्या

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यात खाडीकाठच्या माणसाला कुठे जायचं म्हटलं की तो डोंगराकडे बघतो. पाणी तर रोजचंच. आम्ही नवराबायको मात्र एका उन्हाळ्यात पाण्यावरच गेलो, तेही कालव्याच्या. मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिने आमच्यासाठी नाव ठरवली आणि यांनी एकच अट घातली, पेरणीच्या आत घरी पोचवायचं. घर आमचं खारेपाटात, धरमतरच्या खाडीला लागून. हे खारातलं, म्हणजे खाडीला बांध घालून राखलेल्या जमिनीतलं, भात करतात, मी शाळेत शिकवत होते.

तो कालवा लँगॉलेनचा, इंग्लंडमधून वेल्समध्ये शिरणारा. दोनशे वर्षांमागे तो खणला कोळसा, चुनखडी, लोखंड वाहायला. काठावरून घोडा चालायचा आणि दोराने नाव ओढायचा. घोड्याची ती वाट अजून आहे, त्यावरून लोक चालतात, सायकली हाकतात. पुढे रेल्वे आली, मग ट्रक आले, आणि 1944 साली कायदा करून हा कालवा नावांसाठी बंद केला. तरी तो बुजवला नाही. का बुजवला नाही, ऐका. डी नदीचं पाणी याच कालव्यातून पुढच्या तलावात जातं आणि लोक ते पितात. नावा बंद झाल्या, पण पाणी वाहतं राहिलं. पाणी वाहतं राहिलं म्हणून कालवा जगला, आणि मग नावाही परत आल्या.

आता त्या भाड्याने मिळतात. लांबच लांब आणि अरुंद, रुंदी जेमतेम सात फूट, कारण वाटेतली लॉकं, म्हणजे नाव चढवायचे-उतरवायचे हौद, तेवढीच रुंद. आत झोपायला, रांधायला सगळी सोय. मुगाची खिचडी, कुळथाचं पिठलं, सगळं मी त्या नावेत केलं. सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की नाव उजवीकडे वळते, हे आपल्याकडच्या कुठल्याही होडीवाल्याला शिकवायला नको. वेग ताशी चार मैलांच्या वर न्यायचा नाही, नाहीतर लाटेने काठ ढासळतो. काठावरचा माणूस आपल्यापुढे निघून जातो. जाऊ द्यावा.

आता लॉक. कालव्याचं पाणी सपाट असतं, ते चढावर चढत नाही. म्हणून चढ आला की तिथे दगडी हौद बांधतात. हौदाला वरच्या अंगाला दरवाजा, खालच्या अंगाला दरवाजा. खालून नाव हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, वरच्या झडपा उचलून पाणी आत सोडायचं. पाणी चढतं, नाव चढते. हौदातलं पाणी आणि वरच्या कालव्याचं पाणी सम झालं, की दरवाजा उघडायचा आणि पुढे जायचं. उतरताना हेच उलट. झडपा उचलायच्या त्या हातातल्या लोखंडी हँडलने, आणि दरवाजा हलवायचा त्याच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून. लक्षात काय ठेवायचं? दोन्हीकडचं पाणी सम झाल्याशिवाय दरवाजा उघडत नाही. पाणी सम झाल्याशिवाय उघडत नाही.

आणि आता जे सांगायला मी आले ते सांगते.

व्हिटचर्च गावाजवळ ग्रिंडली ब्रूक म्हणून जागा आहे. तिथे एकामागून एक सहा लॉकं. वरची तीन एकमेकांना चिकटलेली, एकाचा वरचा दरवाजा तोच दुसऱ्याचा खालचा. खालची तीन सुटी. आम्ही खालून आलो, तर पहिल्याच लॉकात वरून उतरणारी एक नाव होती आणि हौद रिकामा होत होता. आम्ही नाव काठाला बांधली. हे हात द्यायला वर गेले. समोरून येणाऱ्याला हात द्यायचा, ही तिथली रीत आहे आणि फार चांगली रीत आहे.

दरवाजाच्या दोन्ही दांड्यांना चार तरुण पोरं भिडली होती. धट्टीकट्टी पोरं. पाय रोवून, पाठ लावून रेटत होती, तोंडं लाल. दरवाजा ढिम्म. एक जण नावेतून वर चढून आला, पाचवी पाठ लागली. तरी ढिम्म.

यांनी दांड्याला हातच लावला नाही. हे दरवाजाच्या खालच्या बाजूला जाऊन वाकले आणि दोन फळ्यांमधली फट बघत उभे राहिले. त्या फटीतून पाण्याची धार येत होती, मनगटाएवढी, जोरात. हे मला म्हणाले, "अगं, त्यांना सांग, थांबा म्हणावं. आत पाणी वर आहे अजून." मी इंग्रजीत सांगितलं. पोरं म्हणाली, झालंच आहे, चार बोटांचा तर फरक राहिलाय!

श्रोतेहो, चार बोटं थोडी नव्हेत. कमरेच्या वर पाणी असेल तर चार बोटांच्या फरकाने एकेका फळीवर शंभर किलोच्या वर रेटा बसतो. त्याच्याशी झुंजायचं कशाला?

हे फटीकडे बघत राहिले. मनगटाएवढी धार करंगळीएवढी झाली. मग फळीवरून नुसता ओघळ. मग तोही थांबला. हे सावकाश वर आले, दांड्याला पाठ टेकली, जवळजवळ बसलेच म्हणा, आणि म्हणाले, "आता." दरवाजा हलला. एका माणसाच्या पाठीने हलला. दुसरी फळी एका पोराने उघडली. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

तिथे लॉकांवर देखरेख करायला स्वयंसेवक असतात. त्या दिवशी एक बाई होत्या, सत्तरीच्या, गळ्यात लाइफ जॅकेट. (जाता जाता बोलते. काठावर उभं राहून काम करणारी ती बाई लाइफ जॅकेट घालते, आणि आपल्या खाडीत तरीवर लहान मुलांना तसंच बसवतात. मला ते बघवत नाही. नाव सुटण्याआधी जॅकेट मागून घ्या, मागायला लाजू नका.) तर त्या बाईंनी विचारलं, तुम्ही कुठच्या कालव्यावर काम करता? हे म्हणाले, "कालवा नाही, खार आहे आमचा. उघाडी बघत मोठा झालो."

आता उघाडी इंग्रजीत कशी सांगू? यांनीच एक काटकी घेतली आणि त्या घोड्याच्या वाटेवर मातीत चित्र काढलं. हा बांध. या अंगाला खाडी, त्या अंगाला आमचं भात. बांधाच्या पोटात ही मोरी, आणि मोरीच्या तोंडाला खाडीच्या बाजूने ही फळी, वरून टांगलेली. बाई वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, भरती आली की ही फळी लावायला कोण जातं?

हे म्हणाले, "भरतीच लावते."

मग उघडतं कोण?

"ओहोटी."

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग लगेच त्यांनी वरच्या लॉकावरच्या जोडीदाराला हाका मारायला सुरुवात केली, "लवकर ये, हे बघ!" तो आला, दोन नावांमधले लोक आले, आणि यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. भरतीला खाडीचं पाणी चढतं, फळीला आत दाबतं, मोरी बंद. खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला खाडी उतरते, शेतातलं पावसाचं पाणी फळीला बाहेर ढकलतं, मोरी उघडी. माणूस लागत नाही, तेल लागत नाही, वीज लागत नाही.

बाईंनी विचारलं, मग माणसाला काम काय? हे म्हणाले, "बघायचं काम. फळीत एक ओंडका अडकला की एका उधाणात खारं पाणी आत. मग पुढची दोन-तीन वर्षं भात धड येत नाही. म्हणून रात्री कंदील घेऊन बघायला जातो." हे सांगताना त्यांचा आवाज जरा बदलला, कारण असं झालेलं आम्ही पाहिलं आहे.

बाईंनी आपल्या कमरेचं हँडल काढून यांच्या हातात दिलं. वरची ती चिकटलेली तीन लॉकं यांनी चालवली, बाई बाजूला उभ्या राहून फक्त कुठली झडप आधी ते सांगत होत्या. मी नावेत दांडा धरून होते आणि तीन हौद चढून वर आले.

पुढे पाँटकिसिल्टेचा जलसेतू लागला, 1805 सालचा. दगडी खांबांवर लोखंडी पन्हळ, त्यात पाणी, पाण्यात आपली नाव, आणि खाली 38 मीटरवर डी नदी. एका बाजूला कठडाच नाही. युनेस्कोने 2009 साली त्याला जागतिक वारसा ठरवलं. ज्यांना उंचीचं भय आहे त्यांनी आत बसावं, एवढंच सांगते.

परतल्यापासून मात्र एक गोष्ट मला सारखी बोलावीशी वाटते. 2016 च्या कायद्यात आपली अंबा नदी आणि दाभोळची वाशिष्ठी राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आल्या आहेत. कालवा खणायला नको, लॉक बांधायला नको, भरती फुकट नाव वर चढवते. दाभोळहून भरतीबरोबर निघून वाशिष्ठीत शिरावं, काठावर मगरी बघाव्यात आणि ओहोटीबरोबर परतावं. असा प्रवास करायला लांबून लोक येतील. आधी आपण तरी जावं.

आणि मुलांना भरती शिकवा हो! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आमच्या मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला हे थोड्याफार फरकाने बरोबर बसतं. पाऊणकीचा पाढा शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही, पण पाठ्यपुस्तकात अजून आंबे आणि पेरूच वाटत बसतात. मी वर्गात भरतीच वाटली.

आता खारबांधांसाठी 1948 साली कायदा झाला, 1979 साली दुसरा झाला. सरकारी योजना त्यांच्या गतीने चालतात. पण फळीत अडकलेला ओंडका काढायला योजना लागत नाही. तेव्हा खारातल्या श्रोत्यांनो, मृगाचा पाऊस पडायच्या आत, अमावास्येच्या ओहोटीला, खाडी पार उतरलेली असताना दोघंतिघं मिळून उघाडीवर जा. फळी हाताने उचलून सोडा. बिजागर गंजलं असेल तर ती आपटत नाही, अडखळते. चौकटीला शिंपल्या चिकटल्या असतील त्या खरवडा. मोरीच्या तोंडचा गाळ काढा. आणि खेकड्यांनी बांधात बिळं केली असतील तर ती तेव्हाच चिखलाने बुजवा, कारण पौर्णिमेचं उधाण वाट बघत नाही.

नमस्कार.