पलटणीला कर्नल हवा

नमस्कार, श्रोतेहो. ‘वशिल्याचं तट्टू’ म्हटलं की आपण नाक मुरडतो. आज अशाच एका तट्टाची गोष्ट.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. कायम फौज जेमतेम सोळा हजारांची, म्हणून लिंकननी एप्रिलमध्ये राज्यांकडे ७५,००० माणसं मागितली. माणसं लोटली, पण त्यांना हुकूम सोडणार कोण? कंपनीचे कप्तान बहुतेक ठिकाणी शिपाईच मतं देऊन निवडत. पलटणीचा कर्नल सहसा गव्हर्नर नेमायचा. मग काय, शिफारशींची रीघ! गावात भाषण ठोकून पोरं जमवणाऱ्याला कर्नलकी हवीच असायची.

इलिनॉय राज्यातल्या गलीना गावी युलिसिस ग्रँट, पुढे लिंकनच्या फौजांचा सरसेनापती आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झालेला, तेव्हा वडिलांच्या चामड्याच्या दुकानात होता. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकलेला, मेक्सिकोत लढलेला, पण १८५४ मध्ये फौज सोडलेला. २४ मे १८६१ला त्यानं राजधानी वॉशिंग्टनमधल्या लष्करी कचेरीला पत्र धाडलं: मी एक पलटण सांभाळू शकेन. एवढं मोठं पद मागायला तो कचरत होता. पण आजूबाजूचे नवे कर्नल त्यानं पाहिले होते. यांना जमतं तर मलाही जमेल, असं त्याला वाटलं. मला हा युक्तिवाद भारी आवडतो.

उत्तर आलं नाही. तोवर तो गव्हर्नर येट्सच्या कचेरीत कागदं सांभाळत होता. कारकुनी त्याच्या हाडात नव्हती. ठेवलेला कागद पुन्हा सापडायचा तो कोटाच्या खिशात, नाहीतर दुसऱ्या कुणा नेटक्या माणसाच्या हातात, असं तोच पुढे लिहून गेला.

जूनमध्ये येट्सनी त्याला एकविसावी इलिनॉय पलटण दिली. पोरं आधीच्या कर्नलला जुमानत नव्हती. ग्रँटनं थोड्याच दिवसांत त्यांना वळण लावलं. ऑगस्टमध्ये तो ब्रिगेडियर जनरल झाला, कारण गलीनाचे खासदार वॉशबर्न यांनी त्याचं नाव पुढे केलं. हाच तो वशिला!

गंमत म्हणजे वॉशबर्न यांचे सख्खे भाऊ तेव्हा मेन राज्याचे गव्हर्नर होते. १८६२ मध्ये त्यांनी चेंबरलेन नावाच्या प्राध्यापकाला कर्नलकी देऊ केली. तो म्हणाला, आधी खालच्या पदावर काम शिकतो. असाही एखादा निघतो.

आणि ग्रँटचं ते पत्र? युद्ध संपून कितीतरी वर्षं झाल्यावर वॉशिंग्टनमधली ती लष्करी कचेरी हलवताना, कागद बांधताबांधता, कुठल्याशा कोपऱ्यात सापडलं. फाडलेलं नव्हतं, पण फायलीलाही लावलेलं नव्हतं.