जांभ्यातली अर्थिंग

[पडवीच्या भिंतीवरचा पॉवर सॉकेट. चार्जरवर लाल दिवा लुकलुकतोय.]

संगमेश्वर तालुक्यातलं हे आमचं घर. गणपतीत ठाण्याहून विजेवरची गाडी घेऊन आलो, तेव्हा पडवीतल्या याच सॉकेटवर ती रात्रभर बिनतक्रार चार्ज झाली. मे महिन्यात पुन्हा आलो. गाडी तीच, चार्जर तोच, सॉकेट तोच. प्लग लावला आणि लाल दिवा लागला.

घरात पंखे फिरत होते, फ्रिज चालू होता. म्हणजे बिघाड गाडीतच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीसुद्धा.

पंख्याला आणि फ्रिजला फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) मिळाले की पुरतं. अर्थिंग, म्हणजे जमिनीत उतरवलेली सुरक्षेची तार, तुटलेली असली तरी ते वर्षानुवर्षं चालतात, कुणाला पत्ताही लागत नाही. चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो, मगच गाडीकडे वीज सोडतो. त्याला कारण आहे. गाडी रबरी टायरांवर उभी असते. तिच्या पत्र्यात वीज उतरली तर जमिनीत जायला वाट अर्थिंगचीच. ती वाट नसेल, तर दाराला हात लावणाऱ्या माणसातून.

[मल्टिमीटर. वायरमनचे हात.]

फेज आणि न्यूट्रलमध्ये 228 व्होल्ट. ठीक. फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढेच दिसायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये फार तर दोन-तीन. आमच्याकडे फेज आणि अर्थिंगमध्ये 140 च्या आसपास काटा हेलकावत होता.

पहिले वायरमन म्हणाले, "जंपर मारून देतो. पाच मिनिटांत गाडी लागेल."

जंपर म्हणजे सॉकेटच्या आत न्यूट्रलवरून अर्थिंगच्या पिनेला जोडलेला तारेचा तुकडा. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो. हा उपाय गावोगाव होतो, म्हणून इथे थोडं थांबून सांगतो. वादळात फांदी पडून खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरीतला न्यूट्रल तुटला, की घरातल्या चालू फ्रिजमधून, बल्बमधून फेज उलटा न्यूट्रलवर येतो. तिथून जंपरवर, जंपरवरून पिनेवर आणि पिनेवरून गाडीच्या पत्र्यावर. एमसीबीला, म्हणजे जास्त वीज खेचली गेली की आपोआप पडणाऱ्या खटक्याला, यातलं काही कळत नाही. अंगणात अनवाणी खेळणारं पोर गाडीला टेकलं, तर जीवच जाईल. आम्ही जंपर मारू दिला नाही. तुमच्याकडे कुणी मारला असेल, तर आजच काढून घ्या.

[घरामागचा अर्थिंगचा खड्डा. कोरडा, तांबडा जांभा.]

मग गावातले जुने वायरमन आले. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी सॉकेटकडे पाहिलंही नाही, थेट मागीलदारी गेले. "दोन कळश्या पाणी आणा," म्हणाले. ते खड्ड्यात ओतलं. अर्ध्या तासाने प्लग लावला, तर हिरवा दिवा!

घर बांधताना खड्डा खणला, दोन फुटांवर जांभा लागला आणि तिथेच काम थांबवलं गेलं. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही. भाद्रपदात जमीन चिंब असते, तेव्हा वीज सहज मुरते. वैशाखात तोच खड्डा भाजून कोरडा होतो आणि अर्थिंग नावापुरती उरते.

नवी जागा आप्पांनीच दाखवली. न्हाणीचं पाणी जिथे केळींना जातं, तिथली माती बारमाही ओली. भारतीय मानक आयएस 3043 नुसार पाइप किमान अडीच मीटर लांब हवा. तेवढा खड्डा खणला, जस्ताचा मुलामा दिलेला पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. मीठ पाइप खातं, म्हणून दर उन्हाळ्यात अर्थ टेस्टर (अर्थिंग तपासायचं यंत्र) लावून बघायचं ठरलं. सॉकेटला डीबीपासून (घरातल्या खटक्यांच्या पेटीपासून) स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली आणि वीज जराशी गळाली तरी लगेच पुरवठा तोडणारा 30 मिलीअँपिअरचा खटका, आरसीसीबी, बसवला.

[रात्र. डीबीचं उघडं दार.]

तरीही तिसऱ्या दुपारी, तीन तास चार्ज होऊन एमसीबी पडली. हे दुखणं वेगळं. गीझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी आठ-दहा तास 15 अँपिअर खेचते. 16 अँपिअरची एमसीबी 30 अंश तापमान धरून ठरवलेली असते. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या पेटीत ती लवकर पडणारच. त्यात आमच्या सॉकेटचा एक स्क्रू सैल निघाला. अशा सैल जोडावर ओहमचा दहावा भाग जरी अडथळा असला, तरी 15 अँपिअरला साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. जवळजवळ सोल्डरिंग आयर्नइतकी, तीही प्लास्टिकच्या सॉकेटच्या आत. प्लग हाताला चटका देत असेल किंवा पिनेभोवती तपकिरी डाग दिसत असेल, तर तो सॉकेट बदलाच.

आप्पांची एक खूण माझ्या कायम लक्षात राहिली. प्लग लावताक्षणीच लाल दिवा लागला, तर आधी अर्थिंग बघायची. तास-दोन तासांनी बंद पडली, तर वायर, स्क्रू आणि एमसीबी. रोज संध्याकाळी सातलाच अडली, तर गावभराचे दिवे लागून व्होल्टेज उतरलेलं असतं. आमचं घर लाइनच्या शेवटच्या खांबावर, त्यामुळे आम्ही आता रात्री अकरानंतर गाडी लावतो, आणि चार्जरवर 10 अँपिअरची सोय आहे ती वापरतो. वेळ जास्त लागतो. सकाळपर्यंत कुणाला घाई असते?

[सकाळ. केळीची आगर. काकू कळशी घेऊन येते.]

पाइपाच्या तोंडाशी आप्पांनी एक नरसाळं बसवून दिलंय. काकू रोज केळींना पाणी घालते. आता एक तांब्या तिथेही ओतते.