वारुळावर उभा राहिलेला तंबू

[दृश्य : आकाशातून. पाणी, हिरवी बेटं, त्यांच्यामधून गेलेल्या हत्तींच्या वाटा.]

बोत्स्वानाच्या उत्तरेला माऊन नावाचं गाव आहे. तिथून पुढे सफारीच्या कॅम्पवर जायचं ते बहुधा छोट्याशा विमानानं. सामान मऊ पिशवीत आणि तेही मोजकंच, कारण टणक सूटकेस विमानाच्या पोटात मावत नाही. उतरायचं मातीच्या धावपट्टीवर. तिच्यावर झेब्रे चरत असले, तर आधी जीप फिरवून त्यांना हाकलावं लागतं.

खाली दिसतोय तो ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश. २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेलं हे हजारावं ठिकाण. ओकावांगो नदी समुद्राला मिळतच नाही. अंगोलाच्या डोंगराळ भागातून निघते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडते आणि कलहारीच्या वाळूत पसरून तिथेच संपते. अंगोलात पाऊस पडतो साधारण नोव्हेंबर ते मार्च. पण जमिनीला उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे ते पाणी इथे पसरायला महिने लागतात. पूर भरतो तो जून ते ऑगस्टमध्ये, ऐन कोरड्या हंगामात. सभोवतालचं रान वाळलेलं आणि इथे मात्र पाणीच पाणी! हत्तींचे कळप इकडे वळतात ते यासाठी.

[दृश्य : बेटावरची उंच झाडं, त्यांच्या सावलीत तंबू.]

हे बेट आधी बेट नव्हतं. इथल्या कितीतरी बेटांची सुरुवात वाळवीच्या वारुळापासून झाली आहे. पूर आला तरी वारुळाचा माथा कोरडा राहतो. त्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, झाडं रुजतात. मुळं पाणी ओढतात, क्षार मागे साठत जातात, जमीन हळूहळू फुगते आणि बेट पसरत जातं. कॅम्पवाले तंबूसाठी जी दाट सावली शोधतात, ती मुळात वाळवीच्या कष्टाची.

तंबू म्हटलं तरी आत पलंग आहे, पांढऱ्याशुभ्र चादरी आहेत, गरम पाण्याचा शॉवर आहे. जमीन लाकडी फळ्यांची, खांबांवर उचललेली. काँक्रीट शक्यतो नाहीच. उद्या कॅम्प हलवला तर मागे खूण राहू नये. वीज उन्हावर चालते. आणि कुंपण नाही. म्हणूनच अंधार पडल्यावर एकट्यानं तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, जेवायला न्यायला गाइड येतो.

रात्री पाणघोडे चरायला बाहेर येतात. कापडाच्या भिंतीपलीकडे, हातभर अंतरावर, ओठांनी गवत खुडल्याचा आवाज. मग चावणं. मग एक जड पाऊल, आणि पुन्हा खुडणं. मधेच बोरूच्या बेटातल्या बेडकांची किणकिण. आपण अंथरुणात जागे आणि पाणघोड्याला आपल्याशी काही देणंघेणं नाही.

[दृश्य : पहाट, जीपवर ब्लँकेट, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या.]

जुलैची पहाट गोठवणारी असते, म्हणून मांडीवर शेकायची पिशवी मिळते. दुपारी मोकोरो, म्हणजे काठीनं ढकलायची अरुंद होडी. पूर्वी ती एका खोडातून कोरत, आता झाडं वाचावीत म्हणून बहुतेक फायबरची असते. होडीत बसलं की डोळे पाण्याच्या जेमतेम वर. लव्हाळ्याच्या काडीला नखाएवढा रंगीत बेडूक चिकटलेला दिसतो. जीपमधून तो कधीच दिसला नसता.

या सगळ्याची किंमत मोठी आहे. हंगामात माणशी एका रात्रीचे हजार डॉलर सहज ओलांडले जातात. बहुतेकांना हे परवडणारं नाही, आणि ते बोचतंच. तरी आम्हाला बोत्स्वानाचं धोरण पटतं : पर्यटक थोडे, उत्पन्न जास्त. ताडोबात एका वाघाभोवती जिप्सींची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इथला एकांत कशासाठी विकत घेतला जातो हे समजावून सांगावं लागणार नाही.

जपणुकीची सुरुवात मात्र पर्यटकांनी केलेली नाही. शिकारीनं प्राणी घटू लागले, तेव्हा बाटावाना लोकांनी आपल्याच जमिनीवर १९६३ साली मोरेमी अभयारण्य उभं केलं. त्या वेळी कारभार पाहत होत्या राजमाता एलिझाबेथ पुलाने मोरेमी. आज तिथले अनेक गाइड आणि होडीवाले आसपासच्या गावांतलेच आहेत.

पाणी मात्र त्यांच्या हातात नाही. ते दोन देश ओलांडून येतं. वर कुठे धरण झालं, शेतीसाठी पाणी वळवलं, तर इथला पूर आटेल. अंगोला, नामिबिया आणि बोत्स्वाना यांनी १९९४ साली या खोऱ्यासाठी संयुक्त आयोग नेमला, तो याच काळजीपोटी. कोणत्या देशानं किती पाणी घ्यायचं, याची बोलणी तिथेच होतात.