एकाच पोराची चार वयं

नमस्कार. बाहेर वडे तळायला घेतलेत हे मला वासावरून कळतंय, तेव्हा तुमचं लक्ष इथे किती वेळ टिकेल याचा अंदाज आहे. वीस मिनिटं दिली होती, त्यातली चार माझ्या परिचयात गेली. परिचयात माझ्या पीएचडीचा उल्लेख झाला. ती मी केलेली नाही.

विषय ओपन एनरोलमेंट, म्हणजे इथे अमेरिकेत नोकरीतला विमा आणि खाती दरवर्षी निवडायची मुदत, आणि मुलं. माझं म्हणणं असं, की 'डिपेंडंट' हा शब्द फॉर्मवर एक दिसतो, पण तो एक नाही. आपल्याकडे सोपं होतं: घरात जेवतो तो डिपेंडंट. आईच्या लेखी तर चाळिशीतलाही. आयआरएसला, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याला, मात्र आईचं काळीज नाही.

आमचंच सांगतो. मुलगा पंचवीस वर्षांचा, शिकागोत नोकरी, पण विमा आमच्याच प्लॅनवर. २०१० च्या कायद्यामुळे वय २६ पूर्ण होईपर्यंत हे चालतं. लग्न झालेलं असो, वेगळं बिऱ्हाड असो. त्यानं क्रिकेट खेळताना गुडघा मुरगळून घेतला. (शिकागोत क्रिकेट, हो. बॅटिंग नव्हती, बाऊंड्रीवर उभा होता. उभ्या उभ्या.) एमआरआयचं बिल आलं १,४०० डॉलर. प्लॅन हाय डिडक्टिबल, म्हणजे पहिले पैसे आपलेच. मी एचएसएचं, म्हणजे औषधपाण्यासाठी करमुक्त पैसे साठवायच्या खात्याचं, कार्ड काढणार, तेवढ्यात ही म्हणाली, "अहो, एकदा विचारून घ्या." विचारलं. हेल्पलाइनवरच्या बाई म्हणाल्या, मुलगा प्लॅनवर आहे ना, मग काही काळजी नको. घासलं कार्ड.

फेब्रुवारीत टॅक्सला बसलो तेव्हा कळलं. एचएसएचे पैसे आपल्यावर, जोडीदारावर आणि टॅक्सच्या अर्थाने जो डिपेंडंट आहे त्याच्यावरच करमुक्त खर्च करता येतात. स्वतःच्या पगारावर जगणारा पंचवीस वर्षांचा मुलगा त्यात बसत नाही. त्या १,४०० वर इन्कम टॅक्स, शिवाय २० टक्के दंड, म्हणजे आणखी २८० डॉलर. बाई खोटं बोलल्या नव्हत्या हो. मी प्लॅनचं विचारलं, त्यांनी प्लॅनचं सांगितलं. पण २८० डॉलर माझे गेले, आणि "मी म्हटलं होतं" हे वाक्य घरात आजतागायत चालू आहे.

काय म्हणालात, काकू? नाही, डिपेंडंट केअरच्या, म्हणजे पाळणाघराच्या करमुक्त खात्यातून, भारतातून नातवाला सांभाळायला आलेल्या आजीला पैसे देता येणार नाहीत. फॉर्मवर सांभाळणाऱ्याचा टॅक्स नंबर लागतो, आणि व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही. आजीही घेणार नाही म्हणा. उलट तीच नातवाच्या हातावर काहीतरी ठेवून जाईल.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे आता मूळ विषय.

पाळणाघराचं ते खातं वय १३ पूर्ण होईपर्यंत. मर्यादा वर्षाला ५,००० डॉलर होती, २०२६ पासून ७,५००. चाइल्ड टॅक्स क्रेडिटला, म्हणजे मुलामागे टॅक्समध्ये मिळणाऱ्या सवलतीला, वर्षअखेर १७ पूर्ण झालेले चालत नाहीत. टॅक्स रिटर्नवर डिपेंडंट मूल १९ च्या आत, पूर्णवेळ शिकत असेल तर २४ च्या. विमा २६ पर्यंत. गंमत म्हणजे औषधपाण्याचं एफएसए, म्हणजे नोकरीतून मिळणारं दुसरं करमुक्त खातं, मुलाच्या टॅक्सचं विचारत नाही, ज्या वर्षी २६ पूर्ण होतात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतं. हाच एमआरआय एफएसएतून झाला असता तर मी आज इथे उभा नसतो.

घटस्फोट झाला असेल तर मूल रिटर्नवर एकाच्याच, औषधाचा खर्च मात्र बहुतेक वेळा दोघांच्याही खात्यातून चालतो. मूल भारतात आजोळी, इथलं नागरिक नाही की रहिवासी नाही, तर रिटर्नवर नाही. कॅनडात किंवा मेक्सिकोत असतं तर निदान विचार झाला असता. आजोळ मेक्सिकोत कुणाचं आहे का?

आणि हे लिहून घ्या. आमच्या फॅमिली प्लॅनवर असलेला, पण कुणाचाही टॅक्स डिपेंडंट नसलेला मुलगा स्वतःचं एचएसए उघडू शकतो, आणि त्यात फॅमिलीची पूर्ण मर्यादा भरू शकतो. २०२५ साठी ती ८,५५० डॉलर. आमच्या मर्यादेतून वजा न होता, वेगळी. मी मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, भरायला पैसे तुम्ही देणार ना?"

वडे आले वाटतं.