एक तारखेची सकाळ

(दृश्य : अंधुक उजेड. सोसायटीचं फाटक. ढकलगाडीच्या चाकांचा खडखडाट.)

मागच्या एका वर्षीची 1 जानेवारी. सकाळचे पावणेसात. पुण्यातली आमची सोसायटी साखरझोपेत आहे. रात्री टेरेसवर नवीन वर्षाचं स्वागत झालं, केक कापला, लहान मुलं सतरंजीवरच झोपी गेली. त्यातून जे उरलं ते आता बी विंगच्या जिन्याखाली आहे, तोंडं घट्ट बांधलेल्या काळ्या पिशव्यांत.

कचरा घ्यायला आमच्याकडे दोघी जणी येतात. आम्ही त्यांना ताई म्हणतो.

(दृश्य : त्यातल्या एका ताईंचे हात, अगदी जवळून.)

या हातांकडे जरा नीट बघा. ताई पिशवीची गाठ लगेच सोडत नाहीत. आधी पिशवी उचलून हलकेच हलवतात आणि कान देतात. आतून किणकिण आली की पिशवी जमिनीवर आडवी ठेवायची, बाजूने फाडायची आणि झाडूच्या मुठीने आतलं पसरायचं. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. अंगठ्याच्या बुडाशी ती पांढरी रेघ दिसतेय ना, ती फुटक्या ग्लासची आहे. आमच्याच सोसायटीतली, अशाच एका एक तारखेची. टाके पडले होते. आठवडाभर खाडा झाला.

पिशवीतून काय निघतं? बिर्याणीचे प्लास्टिकचे डबे, तळाशी रायतं आणि हाडं. केकचं खोकं, झाकणाला क्रीम. कागदी कप, पण आतून प्लास्टिकचा पातळ थर असलेले, म्हणून ना धड कागदात जाणारे ना प्लास्टिकात. चकचकीत भेटकागद, जो रद्दीवाला हातातसुद्धा धरत नाही. थर्माकोलच्या ताटल्या, ज्यांच्यावर महाराष्ट्रात 2018 मध्ये आणि देशभर 1 जुलै 2022 ला बंदी आली. बंदी आहे हे आम्हाला ठाऊक होतं. तरी त्या आल्या, कारण ऐनवेळी कोणीतरी खाली जाऊन मिळतील त्या घेऊन आलं.

कोरडा पुठ्ठा किलोवर विकला जातो. रस्सा सांडलेला पुठ्ठा कोणी घेत नाही. स्वच्छ बाटली भंगारात जाते, तिच्यात चटणी-कांदा कोंबला की ती नुसता कचरा. ताईंच्या मिळकतीचे दोन भाग आहेत : घराघरातून मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्या मालाची विक्री. म्हणजे आम्ही ओलं-सुकं एकाच पिशवीत बांधतो तेव्हा त्यांच्या पदरचे पैसे काढून घेत असतो. मला हे कळायला फार वर्षं लागली, आणि कळल्यापासून ती गाठ मारताना हात अडखळतो.

(दृश्य : शहराचे रस्ते, पाठीवर पोती घेतलेल्या बायका, जुनी छायाचित्रं.)

पुण्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. 1993 मध्ये इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांचं मार्गदर्शन होतं. उकिरडे उपसणाऱ्या बायका कामगार आहेत, त्यांना ओळखपत्र हवं, हे या संघटनेनं ठणकावून सांगितलं. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली, आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार होऊन या बायका दारोदार कचरा गोळा करू लागल्या. उकिरड्यावरून त्या आपल्या उंबऱ्यापर्यंत आल्या. उंबऱ्यावर आपण त्यांच्या हातात काय देतो, हा प्रश्न मात्र आपल्याकडेच राहिला.

(दृश्य : संक्रांत. सुगडांत ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे. हळदीकुंकवाची लगबग.)

एक तारखेनंतर पंधरवड्यात संक्रांत, आणि तिथून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू. वाण लुटायची ही प्रथा मला जिवापाड आवडते. आपल्याजवळचं थोडं दुसरीला द्यायचं, यापरतं सणाचं सुंदर रूप नाही. पण गेल्या काही वर्षांत एकेका घरात वाणाच्या आठ-आठ प्लास्टिकच्या चाळण्या जमायला लागल्या. साबणदाण्या, डब्या, पिना लावायचे पट्टे. कामवाल्या मावशींना देऊन झालं, त्यांच्या वस्तीतही तेच पोचलेलं असतं. फेब्रुवारीत त्या चाळण्या ढकलगाडीत दिसतात, तोवर एकदाही न वापरलेल्या.

आमच्या सगळ्या बदलाची सुरुवात अशाच एका हळदीकुंकवाला झाली. तिळगूळ खाताना कोणीतरी ताईंच्या हाताची गोष्ट काढली. ए विंगमधल्या एक काकू शांतपणे म्हणाल्या, “आमच्या गावात लग्नाची भांडी देवळात असायची. ज्याच्या घरी कार्य, त्यानं न्यायची आणि घासून, मोजून परत ठेवायची. आपल्याला साधी शंभर ताटं ठेवता येत नाहीत होय?”

(दृश्य : स्टीलचं ताट. काठावर ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं.)

ठेवता आली. दोन महिन्यांत वर्गणी जमली. शंभर ताटं, दोनशे वाट्या, तेवढेच पेले, चमचे. घरातल्या भांड्यांवर आजीचं नाव आणि तारीख कोरलेली असते तशी या ताटांवर सोसायटीचं नाव कोरून घेतलं, नाहीतर ती कुणाच्या कपाटात विसावतील सांगता येत नाही. क्लबहाउसच्या लोखंडी कपाटात संच, वहीत नोंद, किल्ली वॉचमनकाकांकडे. बारसं, डोहाळजेवण, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारचं उद्यापन, सगळीकडे ही ताटं फिरली. घासायला माणूस लावावा लागतो, त्याची मजुरी असते, ताटं कोणी घासायची यावरून सभेत आवाजही चढले. शेवटी ज्याचं कार्य त्यानं मजुरी द्यायची असं ठरलं. कुणाला हा खटाटोप वाटेल. मला विचाराल तर आमच्या सोसायटीनं लिफ्ट बदलली त्यापेक्षा हे काम मोठं आहे.

वाणाचंही बायकांनीच ठरवलं : जे आठवड्यात संपेल किंवा जन्मभर वापरलं जाईल तेच द्यायचं. कोणी घरी केलेली तिळाची चटणी दिली, कोणी गुळाची ढेप, कोणी जुन्या साडीची बाजारची पिशवी. आणि पूजेनंतर रिकामी झालेली सुगडं आम्ही मागून घेतली. त्यांचं पुढे सांगते.

(दृश्य : खताच्या टाक्या. वाफ.)

थंडीत ओला कचरा फुगतो. मटारच्या शेंगांची टरफलं, फ्लॉवरचा पाला, संत्र्यांच्या साली, भोगीच्या भाजीचे देठ, वर उसाची चिपाडं. 2016 च्या घनकचरा नियमांनी 5,000 चौरस मीटरहून मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. आमच्याकडे टाक्या बांधल्या गेल्या, आणि पहिल्याच जानेवारीत असा वास सुटला की तळमजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. टाक्या बुजवून टाका, असा अर्जही आला.

चूक साधी होती. सगळं ओलंच ओलं. खत करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, आणि नत्राच्या (नायट्रोजनच्या) पंचवीस-तीस पट कर्ब (कार्बन) लागतो. भाजीपाल्यात पाणी आणि नत्र जास्त, कर्ब कमी. हवा कोंडली की कुजणं वेगळ्याच वाटेनं जातं आणि दुर्गंधी येते. कर्ब मिळतो वाळक्या पानांतून. आणि आमचे माळीकाका नेमकी ती वाळकी पानं रोज सकाळी कोपऱ्यात पेटवत होते! थंडीत धूर वर चढत नाही, जमिनीलगत घोटाळत राहतो, शिवाय असं जाळणं नियमांत बसत नाही. आता पानं पोत्यांत भरून ठेवतो. ओल्याचा एक थर, पानांचा एक थर, आठवड्याला एकदा खालीवर. उसाची चिपाडं कोयत्याने बारीक करून घालायची, नारळाच्या करवंट्या घालायच्याच नाहीत.

(दृश्य : हात टाकीवर. वाफ वर येते.)

कडाक्याच्या थंडीत सकाळी टाकीचं झाकण उघडलं की आतून गरम वाफ येते. हात वर धरून बघा. हे काम चालू असल्याची खूण.

बाकी थोडक्यात. माळेतले बंद पडलेले दिवे आणि खेळण्यातले सेल ई-कचऱ्याच्या पेटीत जातात, सुक्यात नाही. टेरेसवर अडकलेला मांजा आमची मुलं गुंडाळून आणतात, कात्रीने त्याचे बारीक तुकडे करून बांधून देतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्येच देशभर बंदी घातली, पण पाखरांच्या पायात तो आजही सापडतो.

(दृश्य : 31 डिसेंबर, संध्याकाळ. टेरेसचा दरवाजा.)

आणि हे आहे यंदाचं 31 डिसेंबर. टेरेसवर ताटं निघाली आहेत. जिन्याशी तीन पिंप : उष्टं, सुकं, आणि बाटल्यांसाठी खोकं. फुटलेली काच जाड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल पेनाने ‘काच’ लिहायचं, हे काम आठवीतल्या दोन मुलींनी मागून घेतलं. त्यांनी रात्री अकरा वाजता एका काकांना परत बोलावून पेला विसळायला लावला, आणि काकांनी तो विसळला.

टेरेसच्या कठड्यावर गेल्या संक्रांतीची सुगडं रांगेनं मांडली आहेत. टाकीतलं खत, त्यात धने. कोथिंबीर बोटभर वर आलीय.

(दृश्य : 1 जानेवारी, पहाट. तेच फाटक.)

सकाळचे पावणेसात. ताई आल्या. पहिली पिशवी उचलली, हलवली, कान दिला. सवय. मग गाठ सोडून पुठ्ठा एकीकडे, बाटल्या एकीकडे केल्या. वर्तमानपत्रातलं एकच पुडकं निघालं, त्यावरची लाल अक्षरं वाचून त्यांनी ते बाजूला ठेवलं.

“ताई, चहा घ्या की,” मी म्हटलं.

“नको ताई, आज पुढच्या बिल्डिंगला वेळ लागेल,” त्या म्हणाल्या. कमरेला खोचलेले जाड हातमोजे काढले, चढवले, आणि गाडी फाटकाबाहेर वळवली.