सत्तर पानांचं पुडकं, साठ दिवसांची मुदत

(दृश्य: तेंदूपत्त्याची फळी. सकाळची उन्हं. ओळीने मांडलेली पुडकी. मोजणीचा आवाज आधी येऊ द्यावा, निवेदन त्यानंतर.)

एका पुडक्यात तेंदूची सत्तर पानं. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. पहाटे रानात जायचं, दुपारी घरी बसून पुडकी बांधायची, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेण्याच्या जागी, आणून मोजून द्यायची. मे महिन्यातले हे थोडेच दिवस, पण पूर्व विदर्भातल्या कितीतरी घरांत वर्षाची रोकड याच दिवसांत येते. पुडकं वाळेपर्यंत उलटंपालटं करायचं, मग पाणी शिंपडून पान नरम करायचं आणि पोत्यात दाबायचं. मधे अवकाळी पाऊस आला की पान काळं पडतं आणि कंत्राटदाराचा भावही.

(दृश्य: फळीवरचा मुन्शी वहीत आकडे लिहितो. बोटांवर पानांचा डाग.)

या फळीवरून निघालेल्या पैशाच्या वाटा पाहू. मजुरी तोडणाऱ्याच्या हातात. रॉयल्टी ग्रामसभेच्या खात्यात. आणि त्यातला अगदी लहान हिस्सा तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात, कारण जंगलाबद्दलच्या सरकारी मसुद्यावर हरकत घ्यायची तर आधी त्याची प्रत हवी.

(दृश्य: झेरॉक्स दुकान. यंत्रातून बाहेर येणारी पानं. वरती अशोकस्तंभ, खाली ‘भारत का राजपत्र, असाधारण’.)

हा मसुदा आहे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या भोवतीचा पट्टा केंद्र सरकार 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली जाहीर करतं. आधी मसुदा निघतो आणि राजपत्राची प्रत लोकांना उपलब्ध झाल्यापासून 60 दिवसांत कुणालाही हरकत किंवा सूचना पाठवता येते. मजकूर हिंदीत आणि इंग्रजीत. ज्यांच्या शिवाराबद्दल तो आहे त्यांच्या मराठीत नाही, गोंडी-कोरकूचं तर नावच नको.

आत काय असतं? सीमेचं वर्णन, अक्षांश-रेखांशांचा तक्ता, गावांची यादी आणि कामांचे तीन गट. बंदी असलेली कामं: खाणी, दगडखाणी, गिट्टीची क्रशर, प्रदूषण करणारे उद्योग, नव्या आरागिरण्या. नियंत्रित कामं: हॉटेलं, रिसॉर्ट, वृक्षतोड, विजेच्या तारा. प्रोत्साहन द्यायची कामं: पावसाचं पाणी साठवणं, सेंद्रिय शेती. इथवर गावाला फारसं खटकत नाही. उलट ज्यांच्या डोंगरावर खाणीचा प्रस्ताव आहे, त्यांना हा पट्टा आणखी रुंद हवा असतो. खटकतं ते नियंत्रित गटात: गौण वनोपज गोळा करणं. म्हणजे मोह, डिंक, चारोळी आणि फळीवरचं हे पान. लागू कायद्यांनुसार नियंत्रण, असं तिथं लिहिलेलं असतं. ते कायदे कोणते, याचा खुलासा नसतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनोपजाची मालकी आणि कलम 5 प्रमाणे जंगल व वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, ही ओळ मसुद्यात घालायला लावणं हे हरकतीचं पहिलं काम. दुसरं काम या पट्ट्यावरच्या देखरेख समितीचं. तिच्यात ग्रामसभेचा माणूस मागावा लागतो. मागितला नाही तर अधिकारी, तज्ज्ञ आणि एखाद्या संस्थेचा प्रतिनिधी एवढ्यांवर समिती भरते.

(दृश्य: गावाच्या नावांच्या यादीवर फिरणारं बोट. ते एका नावावर थांबतं.)

यादी वाचताना पहिली चूक इथंच होते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे एकाच नावाची दोन-तीन गावं असतात: एक माल, एक चक, एक तुकूम, शिवाय कुठं टोला म्हणजे लहान वस्ती, कुठं रीठ म्हणजे ओसाड गाव. राजपत्रात शेवटचा शब्द गळाला की कोणतं गाव आत आणि कोणतं बाहेर हे कळायला मार्ग नाही. म्हणून प्रत्येक नावापुढं जनगणनेचा गाव संकेतांक लिहून घ्यायचा. तलाठ्याकडे तो मिळतो, चहाही लागत नाही.

(दृश्य: जंगलातली पायवाट. हातात जीपीएस घेतलेल्या दोन मुली, पुढं काठी टेकत चाललेला म्हातारा. हे दृश्य लांब ठेवावं.)

आता नकाशा. सगळ्यात जास्त वेळ खाणारं आणि सगळ्यात जास्त चुकणारं काम हेच.

एकाच जंगलाची तीन कागदपत्रं तीन भाषा बोलतात. सामूहिक वनहक्काच्या दाव्यात वनविभागाचे कक्ष क्रमांक. महसुलाच्या नकाशावर भूमापन किंवा गट क्रमांक. राजपत्रात अक्षांश-रेखांश. तिन्ही एकमेकांवर बसवल्याशिवाय ‘आमची एवढी जमीन या पट्ट्यात येते’ हे वाक्य लिहिताच येत नाही. बसवायचं तर सीमेवर चालावं लागतं. म्हातारा दाखवतो: हा नाला, ही पाळ, इथं निस्ताराचं, म्हणजे घरच्या गरजेचं, लाकूड काढायचो. मुली बिंदू घेतात. दाट झाडीखाली यंत्र आकाश नीट पाहू शकत नाही, तेव्हा बिंदू दहा-पंधरा मीटर सरकतो. म्हणून वळणावर दोन-तीन मिनिटं थांबून सरासरी घ्यायची आणि शक्यतो पानगळीत जायचं. दुसरा घोळ आकड्यांचा. राजपत्रात अंश-मिनिट-सेकंद, फोनमध्ये दशांश. 20 अंश 30 मिनिटं म्हणजे 20.5, पण घाईत 20.30 टाकलं की बिंदू वीस किलोमीटरहून जास्त दक्षिणेला जाऊन पडतो. असे नकाशे जोडून गेलेल्या हरकती एका फटक्यात बाद होतात, आणि ठपका बसतो गावावर.

पुरावा म्हणून निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला. मध्य प्रांताच्या काळातले हे कागद विदर्भात अजून अभिलेख कक्षात सापडतात. त्यात कोणत्या गावाला कोणत्या जंगलातून काय घ्यायची मुभा होती ते लिहिलेलं असतं. नक्कल मागताना मौजा, जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचं साल आणि जुना तालुका लिहावा. गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपुरातून निघाला, त्यामुळं जुनी पानं कधीकधी जुन्याच जिल्ह्याच्या ठिकाणी असतात.

(दृश्य: बांबू डेपो. बैलगाडीवरून उतरणारे बांबू. भिंतीवर रंगवलेलं वाक्य.)

‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची ही घोषणा. 2009 साली या ग्रामसभेला सुमारे 1,810 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू मात्र विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनविभागाच्या हातात. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगावही पुढं बांबूवर उभं राहिलं. या दोन्ही ठिकाणी ग्रामसभेच्या हाती पैसा जंगलातूनच आला. सगळ्या गावांकडे असा बांबू नसतो.

(दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय. कपाट, रोकडवही, संगणकासमोर बसलेले ग्रामपंचायत अधिकारी.)

मग ग्रामपंचायतीच्या पैशाकडे वळू.

वित्त आयोगाचा निधी सगळ्यांना माहीत. पंधराव्या आयोगात (2021-26) त्यातले 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले. उरलेले 40 टक्के अबंधित, पण काम विकास आराखड्यात आणि ऑनलाइन प्रणालीत चढलेलं हवं. हरकतीच्या साठ दिवसांत ते चढवायला कुणाला सवड असते?

खरा उपयोगी पैसा दुसराच आहे. पेसाचा, म्हणजे अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याचा, पाच टक्के अबंध निधी. आदिवासी उपयोजनेतली 5 टक्के रक्कम 2015 पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळते. खर्चाचे चार गट ठरलेले आहेत: पायाभूत सुविधा; वनहक्क आणि पेसा कायद्यांची अंमलबजावणी; आरोग्य, स्वच्छता, शिक्षण; आणि वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण, वन्यजीव पर्यटन, वनउपजीविका. दुसरा आणि चौथा गट पुन्हा वाचा. सीमा मोजणी, नकाशा, नकला, भाषांतर यांना जागा याच दोन गटांत आहे, शासनाच्याच कागदावर.

तरी पैसा जातो पहिल्या गटात. सिमेंटचा रस्ता दिसतो, त्याच्यासमोर नारळ फुटतो. नकाशा कपाटात राहतो.

(दृश्य: मोहाच्या झाडाखाली ग्रामसभा. ठरावाची वही हातोहात फिरते. एक बाई उभी राहून बोलते, आवाज मूळचा ठेवावा.)

आराखड्यात ओळ कशी लिहायची यावर सगळं अडतं. ‘पाठपुरावा खर्च’ लिहिलं की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. ‘प्रवास व इतर’ लिहिलं तर आक्षेप आणि वर चौकशी. त्याऐवजी असं लिहावं: ‘सामूहिक वनहक्क क्षेत्राची जीपीएस मोजणी व नकाशा, चार प्रती’, ‘अभिलेख कक्षातून नकला’, ‘शासकीय अधिसूचनांचं मराठी भाषांतर व ग्रामसभेत वाचन’, ‘लेखनसामग्री व टपाल’. प्रत्येक ओळीला नग आणि दर. मोर्च्याच्या गाड्या, झेंडे, जेवणावळ या निधीत बसत नाही, बसवूही नये. त्याची वर्गणी वेगळी.

बिलाची तारीख ठरावाच्या आधीची नको. ही चूक इतकी सर्रास होते की तपासणीसाला पहिल्यांदा तेच पान उघडायची सवय लागलेली असते. मसुदा आला, घाईने झेरॉक्स काढल्या, पैसे खिशातून दिले आणि ठराव पंधरा दिवसांनी. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच एक कायमचा ठराव घेऊन ठेवायचा: संरक्षित क्षेत्राविषयी कोणतीही अधिसूचना आल्यास अमुक रकमेपर्यंत खर्चाला मंजुरी. वनहक्काचा विषय असेल तर गणपूर्तीही तपासायची. निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. मसुदा रोवणीच्या दिवसांत निघाला की सभा संध्याकाळी सातनंतरच भरते.

आणखी एक गुंता. निधी येतो ग्रामपंचायतीकडे आणि पेसात ग्रामसभा असते प्रत्येक गावाची, टोल्याची. एका पंचायतीत पाच ग्रामसभा असल्या तर वाटणी लोकसंख्येवर. जंगल मात्र सगळ्यात लहान टोल्याकडे सगळ्यात जास्त असू शकतं. त्याच्या वाट्याला येणाऱ्या रकमेत नकाशा होत नाही.

(दृश्य: तालुक्याच्या सभागृहात जमिनीवर बसलेले अनेक गावांचे प्रतिनिधी. मध्ये पसरलेला मोठा नकाशा.)

यावरचा उपाय कोरचीसारख्या तालुक्यांनी काढला आहे: महाग्रामसभा. झेंडेपारच्या लोहखनिज खाणीला विरोध करता करता तिथल्या ग्रामसभा एकत्र बसायला शिकल्या. हिशेब सोपा आहे. तीस पानांच्या मसुद्याचं भाषांतर एका गावासाठी केलं काय आणि चाळीस गावांसाठी, भाषांतर करणारा पैसे तेवढेच घेतो. नकाशा जुळवणारा पोरगाही तालुक्याला एक पुरतो.

वर्गणी कशी लावायची यावर मात्र वाद असतो. गावागणिक सारखी लावली तर टोला मरतो. गोणीमागे लावली तर मोठी फळी कुरकुर करते आणि पाऊस पडलेल्या वर्षी तिजोरी रिकामी. गोणीमागे थोडी, पण किमान रक्कम ठरवून, हाच तोडगा टिकतो. ती रॉयल्टी जमा होण्याच्या आठवड्यातच उचलावी. पोळा गेला की कुणाच्या खात्यात काही उरत नाही.

बँकेत मात्र महाग्रामसभेला कुणी ओळखत नाही. कायद्यात ग्रामसभा आहे, त्यांचा संघ नाही, त्यामुळं नोंदणीचा कागद मागतात. मग कुणीतरी सुचवतं, एका गावाच्या खात्यात सगळ्यांचे पैसे ठेवू. ठेवू नका. त्या गावाचं लेखापरीक्षण बाकी एकोणचाळीस गावांच्या हिशेबात अडकतं. भाषांतराचं बिल वाटून प्रत्येक ग्रामसभेच्या नावे वेगळं घ्यायचं आणि तिने आपल्या खात्यातून थेट द्यायचं. बिलबुकाची पानं जास्त जातात, एवढंच.

(दृश्य: वाघाच्या पाट्या. नागझिरा, बोर, उमरेड-कऱ्हांडला, पेंच यांची प्रवेशद्वारं, एकामागून एक.)

पाच टक्क्यांचं हे सगळं अनुसूचित क्षेत्रापुरतं. विदर्भात ते गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावती या जिल्ह्यांत आहे. पडद्यावरची ही दारं नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियातली. या चार जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र नाही, म्हणून पाच टक्के नाहीत. तिथल्या पंचायतीकडे उरतो घरपट्टी-पाणीपट्टीचा ग्रामनिधी. मार्चअखेर वसुलीचा ढोल वाजवला तरी तो किती भरतो, हे सरपंचाला विचारावं.

(दृश्य: टपाल कार्यालय. जाड लिफाफा. पत्ता: सचिव, पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, जोरबाग रोड, नवी दिल्ली.)

हरकत टपालाने आणि ईमेलने, दोन्ही पाठवायची. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि उपवनसंरक्षकांना. ठरावाची साक्षांकित नक्कल, उपस्थितांच्या सह्या, नकाशा, वनहक्काच्या अभिलेखाची प्रत. पहिल्या पानावर मसुद्याचा का.आ. क्रमांक (इंग्रजीत S.O.), म्हणजे राजपत्रातला आदेश क्रमांक, आणि तारीख. तो नसेल तर लिफाफा नेमक्या टेबलावर पोचत नाही.

अंतिम अधिसूचनेच्या सुरुवातीला एक वाक्य छापलेलं असतं: हरकती आल्या व विचारात घेतल्या, किंवा एकही हरकत आली नाही. जिथं दुसरं वाक्य छापलं गेलं, तिथं मसुदा जवळपास तसाच लागू होतो.

(दृश्य: पुन्हा ग्रामसभेची जावक वही. पोचपावतीच्या मागं डिंक लावणारा हात. निवेदनानंतर आवाज बंद.)

पोचपावती वहीतच चिकटवायची, सुटी ठेवली की पुढच्या तपासणीपर्यंत हरवते. डिंकाची बाटली ‘लेखनसामग्री व टपाल’ या ओळीत बसते.