नळाच्या दिवशी रोपं मरतात

(सोलापुरातल्या एका वाचनालयात एप्रिलच्या मध्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. पंख्याखालच्या खुर्च्या आधी भरल्या, हे मी बघितलं. मागे बसलेल्यांनी मनाला लावून घेऊ नका, तासाभरात मोकळं करते.

ज्यांनी आयुष्यात कधी बी टाकलेलं नाही, अशांना घरात रोपं कशी करायची ते सांगा, असा मला निरोप होता. तर आधी माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी मी अठ्ठ्याण्णव खणांचा प्लास्टिकचा ट्रे आणला आणि त्यात टोमॅटो टाकले. सहाव्या दिवशी जवळजवळ सगळे वर. शेजारच्या अक्कांना बोलावून दाखवले, चहा झाला. मग नळाचा दिवस आला, म्हणजे काही दिवसांआड पाणी येतं तो. आपल्याकडे नळ आला म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पहाटे तीनला उठायचं, पिंपातलं शिळं पाणी उपसायचं आणि ताजं भरायचं. उपसलेलं पाणी फेकवत नाही. मग जाईल कुठे? कुंड्यांना, आणि या ट्रेला. दोन नळ झाले तोवर ट्रे चिखल झाला होता. तिसऱ्या नळाच्या सकाळी बघते तर निम्मी रोपं आडवी. पानं हिरवीगार, पण मातीला टेकतं तिथे देठ दोऱ्यासारखा बारीक आणि पिचलेला. संध्याकाळपर्यंत उरलेलीही गेली.

त्या रोपांना तहान लागली होती म्हणून मी पाणी घातलं नव्हतं, मला पिंप रिकामं करायचं होतं म्हणून घातलं होतं. नवशिक्याची दहापैकी आठ रोपं अशीच जातात असा माझा अंदाज आहे. तो मोजून काढलेला नाही, बारा वर्षं लोकांचे ट्रे बघून बांधलेला आहे.

याला रोप कोलमडणं म्हणतात. पिथियम नावाचा जीव बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी असतो. आपण त्याला सरसकट बुरशी म्हणतो, पण नात्याने तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळचा. त्याच्या बीजाणूंना शेपट्या असतात आणि ते पाण्यात पोहतात. म्हणजे तुडुंब भिजलेला ट्रे हा त्यांचा सिद्धेश्वर तलावच. कोवळा देठ समोर आला की काम फत्ते. आणि एकदा रोप आडवं झालं की औषध नाही. त्या खणातलं सगळं काढून टाकायचं आणि शेजारच्या खणांचं पाणी तोडायचं. बी टाकताना ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी, मिसळलं तर पुष्कळ फरक पडतो, पण चिखल करून वर ट्रायकोडर्मा घालणं म्हणजे चिंब भिजल्यावर छत्री उघडण्यासारखं.

मग पाणी कधी घालायचं? ट्रे उचलून बघायचा. पहिल्या दिवशी भिजवून निथळला की दोन्ही हातांनी उचला आणि वजन हाताला लक्षात ठेवू द्या. रोज सकाळी उचला. हलका लागला आणि वरचा काळपट रंग फिक्कट तपकिरी झाला की पाणी. तेही वरून नाही. परातीत बोटभर पाणी घ्या, ट्रे त्यात वीस मिनिटं ठेवा, मग उचलून निथळू द्या. खालून ओढलेल्या पाण्याने वरचा थर कोरडा राहतो, देठ वाचतो. नळ येवो न येवो, ट्रेला त्याची वार्ता लागू द्यायची नाही.

आता ट्रेमध्ये भरायचं काय? बागेतली काळी माती नको. आपली माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की तिला भेगा पडतात, कोवळी मुळं त्यात तुटतात. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा घ्या, त्यात चौथा हिस्सा चाळलेलं गांडूळखत. पण कोकोपीटच्या विटेत बऱ्याचदा क्षार असतात, ते दोनतीनदा धुवून पिळायला लागतं. इथे सोलापूरकराची पंचाईत होते. बोअरच्या पाण्याने धुतलं तर क्षार जाण्याऐवजी वाढायचे. नळाच्या पाण्याने धुवायचं तर जीव वरखाली होतो. मी नळाचं, उजनी धरणाचंच वापरते, दोन बादल्या, आणि धुवण नारळाच्या आळ्यात ओतते. नारळाला खारटपणाचं फारसं वावडं नाही. घरात भांडण होतं ते वेगळं.

बी किती खोल? बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. टोमॅटोला अर्धा सेंटिमीटर भरपूर झालं. मिरचीला आठ-बारा दिवस लागतात, उकरून बघू नका.

उजेडाबद्दल मात्र सविस्तर बोलते, कारण इथे आपले डोळेच आपल्याला फसवतात. खिडकीपाशी लख्ख उजेड आहे असं आपल्याला वाटतं. बाहेर भर दुपारी एक लाख लक्स असतात आणि खिडकीच्या आतल्या टेबलावर हजार-दोन हजार, खोलीच्या मध्यावर तर दोनशे-तीनशे. डोळ्यातली बाहुली मोठी होते, आतला पडदाही जुळवून घेतो, म्हणून ही तूट आपल्याला जाणवत नाही. रोपाला बाहुली नाही. त्याला कळतं ते एवढंच, की आपण अजून अंधारात आहोत, उजेड वर कुठेतरी आहे, चला. मग ते देठ लांबवत सुटतं. थोड्याच दिवसांत उंच, फिकं, मान टाकलेलं रोप तयार. लोक मला कौतुकाने फोटो पाठवतात, ‘ताई, केवढं वाढलं बघा!’ ते वाढलेलं नाही, ते शोधायला निघालंय.

यावर उपाय स्वस्त आहे. दुकानात मिळणारी साधी पांढरी एलईडी पट्टी, वीस वॅटची. जांभळ्या-गुलाबी दिव्यांच्या मागे लागू नका. त्या उजेडात पानाचा खरा रंगच दिसत नाही आणि रोग उशिरा कळतो. पट्टी रोपांच्या शेंड्यापासून वीतभर वर टांगायची आणि रोपं वाढतील तशी उचलत न्यायची. आमच्याकडे ती जुन्या मागाच्या दोरीने टांगलेली आहे, सासऱ्यांच्या कारखान्यातली एवढीच एक वस्तू आता कामात आहे. दिवसाला चौदा ते सोळा तास उजेड, बाकी अंधार. चोवीस तास लावून ठेवलात तर टोमॅटोची पानं पिवळी पडतात. बिलाची काळजी असेल तर हिशेब सोपा आहे: वीस वॅट, पंधरा तास, म्हणजे दिवसाला पाव युनिटपेक्षा थोडं जास्त, महिन्याला नऊ युनिट. अंकुर दिसला त्याच दिवशी दिवा लावा. ‘उद्या लावते’ म्हटलं की लांबलेला देठ पुन्हा आखूड होत नाही.

तुम्ही विचाराल, बाहेर एवढं ऊन असताना घरात दिवा कशाला? ऊन आहे म्हणूनच. मेमध्ये गच्चीवर बेचाळीस-त्रेचाळीस आणि वर झळा. टोमॅटोचं बी पंचवीस-तीसला खूश असतं, पस्तिसाच्या वर उगवण घसरते. घरात सगळ्यांत गार जागा कुठली? खालची शहाबादी फरशी. ट्रे टेबलावर नको, फरशीवर ठेवा. मुंग्यांसाठी भोवती खडूची रेघ. कूलरच्या थेट तोंडाशी मात्र ठेवू नका, तिथे सतत ओल राहते.

वाऱ्याचं थोडं गमतीचं आहे. घरातल्या रोपाला वारा लागत नाही म्हणून त्याचा देठ लुळा राहतो. झाडाला स्पर्श झाला की ते आखूड आणि जाड होतं, या प्रतिसादाला 1973 साली मार्क जाफे या शास्त्रज्ञाने नाव दिलं. नाव लांबलचक आहे, सोडून देऊ. सकाळ-संध्याकाळ तळहात रोपांच्या शेंड्यांवरून दहा वेळा हलकेच फिरवायचा, झोपलेल्या लेकराच्या केसांवरून फिरवतो तसा. माझी नात हे काम न चुकता करते. पाणी घालायचं काम मी तिला देत नाही.

एक चिठ्ठी आली आहे, नाव नाही. ‘याच पद्धतीने गांजाचं रोप होतं का?’ हसू नका. परदेशात खोल्यांमध्ये दिवे लावून वाढवण्याचं पुष्कळ तंत्र त्याच झाडाच्या लागवडीतून आलं. पण इथे 1985 चा कायदा आहे. परवान्याशिवाय लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. घरातली एक कुंडी हीसुद्धा लागवडच. तेव्हा उत्तर: नको.

पण यावरून आठवलं. तीन वर्षांपूर्वी मी गच्चीवर अंबाडी लावली होती. तुम्ही सगळे ओळखता, भाकरीबरोबरची. तिचं पान कोवळेपणी साधं असतं, वरवर जाताना हाताच्या बोटांसारखं फाटत जातं. समोरच्या इमारतीतल्या एका तरुणाने ते बघितलं आणि खाली वॉचमनला जाऊन सांगितलं, आजी गांजा लावतात. वॉचमन वर आला, रोपांकडे बघितलं, दोन पानं तोडून तोंडात टाकली आणि म्हणाला, ‘आंबट आहे.’ तपास संपला. चूक त्या मुलाची एकट्याची नाही बरं का. अंबाडीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस आहे, गांज्यासारख्या पानाची जास्वंद. गांज्यासारखीच अंबाडीलाही फुलायला मोठी रात्र लागते. माझी एक कुंडी रस्त्याच्या दिव्याखाली होती, तिला बाकीच्यांच्या कितीतरी नंतर फूल आलं. तोवर आम्ही भाजी खात राहिलो.

आता तारखा. मृग निघतो जूनच्या सात-आठ तारखेला. तिथून मागे मोजा. टोमॅटोला पंचवीस दिवस, वांग्याला महिना-सव्वा महिना, मिरचीला चाळीस. म्हणजे मिरची याच महिन्याच्या अखेरीला टाकायची. खरी दोन पानं आली की एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. त्याआधी खत नाही, बियात शिदोरी असते. शेवटच्या आठ दिवसांत रोपांना बाहेरची सवय: पहिल्या दिवशी सकाळी तासभर, मग वाढवत न्यायचं, पण नऊच्या आत घरात. लावणी संध्याकाळी. टोमॅटोचा देठ थोडा लांबला असेल तर खालच्या पानांपर्यंत मातीत गाडा, त्याला तिथे मुळं फुटतात. मिरचीला हा लाड करू नका.

दाराशी टेबलावर कागदाच्या पुड्या ठेवल्या आहेत. लाल शाईची मिरची, निळ्या शाईची अंबाडी. मिरचीचं बी मागच्या वर्षीचं आहे, तेव्हा एका खणात दोन-दोन टाका. अंबाडीला ट्रे-बिट्रे काही नको, पाऊस पडला की सरळ कुंडीत. आणि पुड्या घरटी एकच घ्या, मागच्या वेळी पहिल्या रांगेनेच संपवल्या होत्या.